राज्य नाट्यला पहिल्यांदा दिग्दर्शक म्हणून नाव लावताना

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रवेशिकेत 'दिग्दर्शक' या रकान्यापुढं गेल्या वर्षी पहिल्यांदा माझं नाव लागलं. त्याआधी बरीच वर्षं नाशिकच्या हौशी नाटकांत मी पडेल ते काम केलं होतं. प्रॉम्प्टिंग, कपडेपट, दोन-चार लहान भूमिका, आणि दारात उभं राहून तिकिटं फाडणं. आता सगळं पार पडलंय, पावत्या फाईलला लागल्यात, तर यंदा ज्यांना पहिल्यांदाच नाटक बसवायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवते. आकडे आमच्या वर्षाचे आहेत. नियमपत्रिका दरवेळी थोडीफार बदलते, ती स्वतः वाचा. शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण कामाच्या अटी तिथंच असतात.

आमच्या गावाला नाटक बघायची सवय जुनी आहे. कुसुमाग्रज आणि कानेटकर इथं राहून लिहीत होते, त्यामुळं नाशिककराचं लक्ष आधी लेखकाकडं जातं. माझंही तसंच होतं. दिग्दर्शक नक्की काय करतो, हे मला 'हंडाभर चांदण्या' बघताना पहिल्यांदा जाणवलं. दत्ता पाटलांनी लिहिलेलं, सचिन शिंद्यांनी बसवलेलं, दोघंही नाशिकचेच. दुष्काळी गावातली माणसं पाण्याच्या टँकरची वाट बघताहेत. वाट बघणं रंगमंचावर दाखवायला भलतं अवघड, कारण काही घडत नसतं आणि तरी प्रेक्षकानं खुर्चीत चुळबुळ करता कामा नये. त्या दिवशी मी संवादांऐवजी माणसं कुठं बसलीत, कोण कुणाकडं पाठ करून आहे, हेच बघत राहिले. तेव्हापासून डोक्यात किडा होता.

संहिता मे महिन्यात मिळाली. लेखक मित्रच. विषय असा: मोठ्या रस्त्यासाठी शेतजमीन संपादित होणार, मोबदला येणार, आणि त्याआधी सातबाऱ्यावरची नावं 'साफ' करायची म्हणून लग्न झालेल्या बहिणीकडून हक्कसोड करून घ्यायचं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. पण कायदा आणि घरची ओटी यांत अंतर किती, ते आपल्याकडच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा.

वाचन झाल्यावर माझी पहिली भीती वेगळीच होती. वाटण्या आणि घर म्हटलं की डोळ्यापुढं 'वाडा चिरेबंदी' उभा राहतो. चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ साली एलकुंचवारांची त्या वाड्याची तिन्ही नाटकं सलग केली, त्यानंतर रंगमंचावर ओसरी, झोपाळा आणि देवघर मांडायची माझी तरी छाती नव्हती. म्हणून पहिलाच निर्णय घेतला की घर दाखवायचंच नाही. सगळं नाटक बांधावर. लेखक थोडा नाराज झाला. मग म्हणाला, "बरं, पण चुलीचं काय?" चूल गेली.

आता कागदपत्रं. कंटाळवाणं आहे, पण नवखी माणसं इथंच अडकतात. लेखक रोज तुमच्यासोबत चहा पीत असला तरी त्याचं लेखी संमतीपत्र घ्या, सही आणि तारखेसकट. प्रवेशिका संस्थेच्या नावानं जाते, त्यामुळं संस्थेची नोंदणी, बँक खातं आणि सही कोण करणार, हे आधी बघा. आमच्याकडं एका जुन्या मंडळाची नोंदणी होती, पण पदाधिकाऱ्यांपैकी एक जण मुलाकडं बंगळुरूला. त्याची सही कुरियरनं आली. नवी संहिता असेल तर ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते. आपण सगळे त्याला सेन्सॉर म्हणतो. जाहीर प्रयोगाआधी त्यांचं प्रमाणपत्र लागतं, मग नाटक स्पर्धेचं असो नाहीतर धंद्याचं. आधी प्रमाणित झालेलं जुनं नाटक घेतलंत तर त्याचा प्रमाणपत्र क्रमांक मिळवून काम हलकं होतं. आम्ही जूनअखेर संहिता पाठवली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कागद हाती आला. मधल्या काळात रोज पोटात गोळा.

इथं एक सांगते. संहिता पाठवण्याआधी लेखकासोबत बसून ती पक्की करा. तालमीत सुचेल तसं लिहू, ही चैन नवीन नाटकाला परवडत नाही. आम्ही पुढं बरीच वाक्यं गाळली, पण नवं एकही घातलं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. त्या नियमानंच मला दिग्दर्शन शिकवलं म्हणायला हरकत नाही. लिहून काही सोडवता येत नसलं की माणूस हालचालीतून सोडवायला बघतो.

प्रवेशिकेसोबत अनामत ३,००० रुपये भरले. ही रक्कम परत मिळते, पण हिशोब मांडताना ती गेली असंच धरा.

माणसं जमवणं हा खरा डोंगर. थोरल्या भावाचं काम करणारा सातपूरला कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलणारी. धाकट्याची ओझरजवळ द्राक्षबाग. बहीण खासगी दवाखान्यात नर्स, महिन्यातून आठवडाभर रात्रपाळी. आई म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्या एकट्या वेळेवर. वडिलांच्या भूमिकेत नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका, ज्यांनी माझ्या जन्माआधी राज्य नाट्यमध्ये काम केलंय. तालुक्याचा मोजणीदार म्हणून कॉलेजचा एक पोरगा. मी घरात फ्रिजवर मोठा कागद लावला आणि कुणाची कुठली संध्याकाळ मोकळी ते रंगीत पेनांनी भरलं. सगळे एकत्र अशी संध्याकाळ आठवड्यातून जेमतेम एक निघत होती.

तेव्हा मला अतुल पेठ्यांच्या 'सत्यशोधक'ची आठवण धीर देऊन गेली. २०१२ साली त्यांनी गो. पु. देशपांड्यांचं हे नाटक पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं होतं. पहाटे झाडूकाम करून आलेल्या माणसाला संध्याकाळी फुल्यांच्या काळात उभं करायचं, तर दिग्दर्शकाला त्याच्या पाळीचा विचार करूनच काम आखावं लागत असणार. त्यांची आणि आमची बरोबरी नाही. पण कामावरून आलेल्या माणसाच्या अंगात जो थकवा असतो तो लपवायचा की वापरायचा, हे दिग्दर्शकाच्या हाती आहे एवढं मी तिथून उचललं. आमचा थोरला भाऊ पहिल्या पाळीनंतर आला की खाली बसताना गुडघ्यावर हात टेकायचा. ते मी तसंच ठेवलं. तिशीतला मुलगा बांधावर म्हाताऱ्यासारखा बसतो, यापेक्षा शेतीबद्दल जास्त काय सांगायचं?

तालमीला पंचवटीतल्या एका शाळेचा हॉल मिळाला, संध्याकाळचे तीन तास, रोजचे २०० रुपये. गणपतीत तो मंडळाच्या कार्यक्रमांना गेला, नवरात्रात पुन्हा. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये जागेची पर्यायी सोय हवीच. आम्ही नर्सताईंच्या सोसायटीच्या गच्चीवर तालीम केली. तिथं मोठ्यानं बोलायची सोय नसल्यानं सगळे हळू बोलू लागले आणि दोन प्रसंग आपोआप सुधारले.

काकांबद्दल लिहायलाच हवं. आवाज असा की शेवटच्या रांगेला माईकशिवाय पोचावा. सवय मात्र प्रत्येक वाक्य प्रेक्षकांकडं तोंड करून म्हणण्याची. चार लोकांत सूचना दिली असती तर त्यांचा अपमान झाला असता, म्हणून चहाला बाहेर गेल्यावर विषय काढला.

"काका, 'तुझं सासर चांगलं आहे' हे वाक्य पाठमोरं म्हणाल का?"

"आणि लोकांनी माझा चेहरा कधी बघायचा?"

"एवढं एक वाक्य नका बघू देऊ."

त्यांनी चहा संपवला. "ऐकू गेलं नाही तर जबाबदारी तुझी बरं का."

जबाबदारी माझी, हे ठरलं. त्या वाक्याला ते वळले आणि पुढं प्रत्येक तालमीत वळले, पुन्हा सांगावं लागलं नाही. मोठ्या माणसाला सूचना द्यायची तर एकट्यात आणि एका वेळी एकच द्या.

नाटकाचा गाभा म्हणजे सहीचा प्रसंग. संहितेत बहिणीला तिथं दीड पानाचं बोलणं होतं. चांगलं होतं. पण नर्सताई ते म्हणू लागल्या की भाषण व्हायचं, आणि दोष त्यांचा नव्हता. मी पुष्कळ डोकं लावलं, मग एक दिवस रजा टाकून दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर जाऊन बसले. दस्त करून देणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं, हक्कसोडला सही कुठं करतात? ते म्हणाले, प्रत्येक पानावर. एका सहीत काम होत नाही. पान उलटायचं, सही, पुन्हा पान उलटायचं, सही. घाईत असलेली माणसं वाचतही नाहीत, शेजारचा कुणीतरी पान धरून देतो.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला. बहीण क्रेटवर बसली, मांडीवर पाट, पाटावर कागद. पान कोण उलटणार? थोरल्या भावानं करून बघितलं, फार खलनायकी वाटलं. मोजणीदारानं केलं तर सरकारी. मग आईंना म्हटलं, तुम्ही बसा तिच्याशेजारी. शिक्षिकाच त्या, वहीची पानं उलटायचा सराव आयुष्यभराचा. अंगठा जिभेला लावून पान वर करायच्या, डाव्या हातानं दाबून धरायच्या, मुलीची सही झाली की पुढचं. मुलीच्या तोंडाकडं एकदाही बघायच्या नाहीत. तिसऱ्या पानापर्यंत हॉलमध्ये कुणी बोलेना. दीड पानाचं बोलणं चार वाक्यांवर आलं. लेखकाला फोन करून बोलावलं, तो बघून गेला आणि जाताना "उरलेली पण काढली तरी चालतील" म्हणाला. मी चारही ठेवली. अगदीच मुकी करायची नव्हती मला ती बाई.

नेपथ्याला सुरुवातीला पंचवीस हजारांचा अंदाज आला होता, प्लायवूडचा बांध आणि एक झाड. एवढे पैसे नव्हते. दरम्यान ओझरच्या गड्यानं तालमीत बसायला म्हणून बागेतले प्लास्टिकचे क्रेट आणले होते, द्राक्षं भरतात ते. खुर्च्यांऐवजी सगळे त्यावर बसायचे. कुणीतरी बहिणीच्या एन्ट्रीला दोन क्रेट पायानं सरकवून वाट केली आणि मला बांध दिसला. क्रेट रचले की बांध, सरकवले की वाटणी, उपडा केला की टेबल. पण प्लास्टिक लाकडी रंगमंचावर भयंकर ठक-ठक वाजतं. दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी प्रत्येकाच्या बुडाला चिकटवली. वर उभं राहायचं असेल तिथं दोन क्रेट केबल टायनं एकमेकांना आवळले, नाहीतर पाय घसरतो. रंग निळा आणि लाल. प्लास्टिकवर रंग धरत नाही, म्हणून काळी माती फेविकॉलच्या पाण्यात कालवून फासली. ती वाळल्यावर पोपडे होऊन गळू लागली. पोपडे बरे दिसत होते, राहू दिले. पुढं प्रकाशयोजनेच्या वेळी बाजूच्या विंगेतून खाली दिवा लावला तर क्रेटच्या जाळीतून जमिनीवर चौकोन पडले, मोजणीच्या नकाशासारखे. ते आधी ठरवलं होतं असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते.

ऑक्टोबर आला आणि ओझरचा गडी गायब. गोडी छाटणी. ज्यांना द्राक्षातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: या छाटणीवर पुढचा सगळा माल ठरतो, आणि त्यानंतर पाऊस झाला की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, येतो, मग औषध फवारणीला दिवसरात्र नाही. "ताई, शिव्या द्या पण बागेतनं हलता येत नाही," असा फोन. शिव्या कशाला देऊ? वर्षाचं पोट आहे त्याचं. बदली नट घ्यायचा विचार आला, पण त्याच्यासारखी भाषा दुसऱ्याच्या तोंडी बसत नव्हती. मग मी धाकट्या भावाला सगळ्यांपासून तोडलं. बांधाच्या पार टोकाला, शेवटच्या क्रेटवर, तो तिथून बोलणार, कुणाला शिवणार नाही, कुणाच्या जवळ येणार नाही. त्यामुळं बाकीच्यांची तालीम त्याच्याविना चालली आणि दिवाळीनंतर तो येऊन थेट आपल्या जागी बसला. प्रयोगानंतर एका जाणत्या प्रेक्षकानं विचारलं की धाकट्याला असा परका ठेवण्यामागचा विचार फार आवडला, कसा सुचला? मी मान हलवली. डाऊनीचं नाव काढलं नाही.

नाट्यविषयक मुलाखतींत दिग्दर्शकाची 'शैली' हा शब्द फार येतो. माझी शैली असेल तर ती अशी तयार झाली. मोठ्या दिग्दर्शकांची वेगळी असेल, नाकारत नाही.

नोव्हेंबरात सोडतीनं प्रयोगाचा दिवस ठरला, डिसेंबरचा पहिला आठवडा. नाशिक केंद्राचे प्रयोग परशुराम साईखेडकर नाट्यमंदिरात, म्हणजे आपल्या पसात. तारीख कळताच तिथं जाऊन रंगमंच टेपनं मोजून आणा आणि तालमीच्या हॉलमध्ये तेवढीच चौकट चिकटपट्टीनं आखा. कालिदास कलामंदिराच्या मोठ्या रंगमंचाची कल्पना मनात ठेवून हालचाली बसवल्या तर इथं माणसं एकमेकांवर आदळतील. विंगेत किती जागा आहे तेही बघा, सामान तिथंच ठेवायचं असतं.

प्रकाशयोजनेसाठी अनुभवी माणूस घ्या, या खर्चात हात आखडू नका. आमचे १२,००० यात गेले. त्यांना दोन पूर्ण तालमी दाखवल्या, तिसऱ्या वेळी क्यू शीट, म्हणजे कुठला दिवा कधी बदलायचा त्याची यादी, केली. क्यू शीटवर वाक्य लिहू नका, हालचाल लिहा. नट वाक्य विसरतो, पण उठायचं तिथं उठतोच.

प्रयोगाच्या दिवशी टेम्पो सकाळी लवकर पोचवा. शालिमार आणि मेनरोडची गर्दी सुरू झाली की क्रेट भरलेली गाडी वळवणं म्हणजे शिक्षा. दुपारपर्यंत नेपथ्य, मग दिवे, मग एक तांत्रिक तालीम. पूर्ण प्रयोग करायला वेळ मिळेल या भ्रमात राहू नका, फक्त क्यू ते क्यू जा. जेवण घरून डबे मागवा आणि संध्याकाळी नटांना जड काही देऊ नका. नटराजाची पूजा, नारळ, आणि मग मला करण्यासारखं काही उरलं नाही. ही अवस्था कुणी आधी सांगितली नव्हती. तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाला घरात कुणी विचारत नाही. मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी राहिले, हातात वही, एक अक्षर लिहिलं नाही.

सहीच्या प्रसंगात विंगेतला उभा पंखा कुणीतरी चालू ठेवला होता. कागद फडफडू लागले. तालमीत वारा कधी नव्हता. आईंनी शांतपणे शेजारचा स्टीलचा डबा उचलून गठ्ठ्यावर ठेवला, आणि प्रत्येक पानाला डबा उचल, पान उलट, डबा ठेव. प्रसंग लांबला. मला घाम फुटला, पण समोरच्या रांगांत कुणी हललं नाही. काकांचं पाठमोरं वाक्य मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ आलं. पडदा पडल्यावर त्यांनी विंगेतून मला बोटानं खूण केली, ऐकलंस ना?

तीन परीक्षक असतात, ते लगेच काही बोलत नाहीत, अपेक्षाही ठेवू नका. केंद्रातले सगळे प्रयोग संपल्यावर निकाल लागला. अंतिम फेरी आमची नव्हती. नर्सताईंना अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. ती बातमी त्यांनी रात्रपाळीवर ऐकली आणि वॉर्डात पेढे वाटले.

खर्च असा झाला: संहितेच्या प्रती १,२००, तालमीची जागा ९,०००, प्रकाश १२,०००, फोम-केबल टाय-टेम्पो ३,४००, रंगभूषा ३,०००, पार्श्वसंगीत ४,०००, आणि चहा-नाश्ता ७,०००. एकूण ३९,६००, अनामत वेगळी. चहाचा आकडा बघून खजिनदार कुरकुरला. थकून आलेल्या माणसाला गरम वडापाव मिळाला नाही तर तो दुसऱ्या दिवशी उशिरा येतो, हे त्याला दिग्दर्शन केल्याशिवाय कळणार नाही. सरकारकडून निर्मिती खर्चापोटी मिळणारी रक्कम संस्थेच्या खात्यावर जमा होते, त्यासाठी बँकेचा तपशील आणि सही-शिक्क्याची पावती प्रयोगाच्या दिवशीच तयार ठेवा. त्यातून थोडा भाग निघतो, बाकी वर्गणी. आम्ही प्रत्येकी सारखी काढली, कॉलेजच्या पोराकडून घेतली नाही.

क्रेट जानेवारीत माल काढणीच्या आधी परत द्यायचे होते. फोमच्या पट्ट्या निघता निघेनात, रॉकेल लावून घासल्या. सेन्सॉर प्रमाणपत्राची मूळ प्रत संस्थेच्या फाईलला आहे, झेरॉक्स माझ्याकडं. पुढचा प्रयोग लावायचा म्हटलं की थिएटरला पहिल्यांदा तोच कागद दाखवावा लागतो. ओझरच्या गड्याच्या गावात एप्रिलमध्ये यात्रा आहे, तिथं करा असा निरोप आलाय. माल निघालेला असेल, क्रेट रिकामे असतील. नर्सताईंच्या पाळ्यांचा कागद मिळाला की तारीख कळवीन असं सांगून ठेवलंय.